लंडनच्या पोटातील रोमन नगर

१८ सप्टेंबर १९५४, शनिवार. लंडन शहराच्या जुन्या व्यापारी भागात वॉलब्रुक नावाच्या रस्त्यालगत, दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या एका जागेवर चाललेल्या उत्खननाचा तो ठरलेला अखेरचा दिवस होता. दोन वर्षे डब्ल्यू. एफ. ग्राइम्स नावाचे पुरातत्त्वज्ञ मोजक्या माणसांनिशी आणि त्याहून मोजक्या पैशांनिशी तेथे खणत होते. आता ती जागा इमारत बांधणाऱ्यांच्या स्वाधीन व्हावयाची होती. त्या शेवटच्या दिवशी मातीतून एका तरुणाचे संगमरवरी मस्तक वर आले. डोक्यावर पुढे झुकलेल्या टोकाची टोपी, नजर किंचित वर लागलेली. हे मस्तक मिथ्रस या देवतेचे होते, आणि ग्राइम्स ज्या भिंतींचा माग काढीत होते ते त्याच देवतेचे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात बांधलेले मंदिर होते, याविषयी आता शंका उरली नाही.

मिथ्रस हे नाव मराठी वाचकास सर्वस्वी परके वाटू नये. इराणी मिथ्र आणि आपल्या वेदांतील मित्र ही एकाच मुळाची नावे आहेत. सूर्यनमस्कार घालताना आपण ज्या बारा नावांनी सूर्यास वंदन करतो त्यांतील पहिले नाव हेच. ते इराणातून रोमन साम्राज्यात गेले आणि तेथील शिपायांनी व व्यापाऱ्यांनी त्याची गुप्त उपासना थेट ब्रिटनपर्यंत नेली. वाटेत तिचे रूप पार पालटले हे खरे. परंतु नाव टिकले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या मस्तकाचे छायाचित्र छापून आले आणि लंडनकर त्या खड्ड्याकडे लोटले. रांगा रस्त्यांना वळसे घालू लागल्या. पुढील सुमारे दोन आठवड्यांत चार लाख लोकांनी ते अवशेष पाहिले असा अंदाज आहे. युद्धात होरपळलेली, नुकतीच शिधापत्रिकांतून सुटलेली ती माणसे दगडांच्या चार ओळी पाहावयास तासन् तास उभी राहिली. पंतप्रधान चर्चिल यांच्या मंत्रिमंडळातही मंदिराचा प्रश्न चर्चेस आला. मंदिर होते तेथेच ठेवून इमारत बांधावयाची तर खर्च फार, आणि तो सोसावयाचा कोणी, हा पेच सुटेना. अखेरीस जागेच्या मालकांनी काही दिवसांची सवड दिली, दगड उचलले गेले, खूणचिठ्ठ्या लावून ठेवले गेले, आणि त्या जागी कार्यालयांची उंच इमारत उभी राहिली.

१९६२ साली तेच दगड मूळ जागेपासून सुमारे शंभर मीटरांवर, तळघरातील मोटारतळाच्या छपरावर पुन्हा मांडण्यात आले. मंदिराची दिशा पूर्व-पश्चिम होती ती उत्तर-दक्षिण झाली. चुन्याच्या जागी सिमेंट आले. जमिनीवर वेड्यावाकड्या फरश्या बसल्या. ज्या देवालयात भक्त पायऱ्या उतरून अंधारात शिरत, ते उघड्यावर, भर रहदारीच्या काठी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत पडून राहिले. ग्राइम्स यांना ही मांडणी मुळीच पसंत नव्हती. चार लाखांच्या प्रेमाचे फळ ते एवढेच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कन्येकडे लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा आम्ही हे मंदिर पाहिले. मात्र ते मोटारतळाच्या छपरावरचे नव्हे. १९५४ नंतर बांधलेली ती इमारतही पुढे पाडली गेली. २०१० साली ती जागा ब्लूमबर्ग या अमेरिकन कंपनीने घेतली आणि नवे कार्यालय बांधण्यापूर्वी, २०१० ते २०१४ या काळात, लंडन संग्रहालयाच्या परंपरेतील पुरातत्त्वज्ञांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. पन्नासहून अधिक माणसे त्या कामावर होती. आता मंदिर मूळ जागेच्या अगदी निकट, रस्त्याखाली सुमारे सात मीटर खोल, पुन्हा उभारलेले आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून ते लोकांस विनामूल्य पाहता येते, हे शाळामास्तराच्या मनास विशेष भावले. आम्ही जिने उतरत गेलो तसतसे भिंतीवर एकेक शतक मागे जात होते.

सात मीटर म्हणजे दोन मजल्यांहून अधिक. एवढी माती आली कोठून, असा प्रश्न आमच्याप्रमाणे वाचकांसही पडेल. ती कोणी आणून टाकलेली नाही. घर पडते, त्याच्या राडारोड्यावर दुसरे उठते. आगी लागतात, पूर येतात, भराव घातले जातात, आणि दोन हजार वर्षांत शहर स्वतःच्याच अवशेषांवर चढून बसते. लंडनच्या पोटात भाजलेल्या मातीचा एक तांबडा थर ठिकठिकाणी आढळतो. इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये आयसेनी जमातीची राणी बौडिका हिने रोमनांविरुद्ध उठाव करून हे नगर जाळले, त्याची ती खूण. लाकूड आणि मातीची घरे होती. लाकूड जळून गेले, माती विटेसारखी भाजून निघाली. तो थर दिसला की खणणाऱ्यास आपण कोणत्या काळात उभे आहोत हे कळते. इतिहासाच्या पुस्तकातील सनावळी येथे हाताने चाचपता येते.

वॉलब्रुक हे मुळात एका ओढ्याचे नाव. तो ओढा शतकांपूर्वीच बुजला. परंतु त्याच्या पात्रातील माती आजही ओली आहे. ओल्या मातीत हवा पोहोचत नाही आणि हवेवाचून लाकूड, कातडे कुजत नाही. त्यामुळे त्या खोदकामात चौदा हजारांवर वस्तू मिळाल्या: चामड्याची पादत्राणे, टोपल्या, घरांच्या लाकडी भिंती. मातीच्या भांड्यांचे तुकडे तर पुष्कळच निघाले. परंतु आमच्या मते सर्वांत मोलाचा लाभ झाला तो लाकडी पाट्यांचा.

या पाट्या ४०५ आहेत. आपल्याकडे पूर्वी धूळपाटी होती, तशी रोमनांची मेणपाटी. लाकडाच्या फळीत उथळ खोबण करावयाची, तिच्यात काळसर केलेले मेण भरावयाचे आणि लोखंडी टोच्याने त्यावर लिहावयाचे. मेण सपाट केले की पाटी पुन्हा कोरी. वस्तुतः मेण तर केव्हाच नाहीसे झाले. परंतु लिहिणाऱ्याचा हात जड असेल तेथे टोचा मेणातून खालच्या लाकडापर्यंत गेला आणि पुसटसा ओरखडा राहिला. वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून छायाचित्रे घेऊन, त्या ओरखड्यांवरून रॉजर टॉमलिन या विद्वानाने ऐंशीहून अधिक पाट्यांचा मजकूर लावला. २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. आमच्यासारख्या आयुष्यभर मुलांचे किरटे अक्षर वाचलेल्या माणसासही त्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटले.

काय लिहिले आहे त्यांत? एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे. टिब्युलस नावाचा, दास्यातून मुक्त झालेला एक माणूस ग्रेटस नावाच्या तशाच दुसऱ्या माणसाचे १०५ देनारियस देणे लागतो, घेतलेल्या मालापोटी. म्हणजे सरळ कर्जरोखाच. आपल्या जुन्या संस्कृत लेखांतील दीनार हा शब्द याच नाण्याच्या नावावरून आलेला आहे. दुसरी पाटी २१ ऑक्टोबर ६२ ची. व्हेरुलेमियम या गावाहून, म्हणजे आजच्या सेंट ऑल्बन्सहून, लंडनला सामानाच्या वीस खेपा आणून पोहोचविण्याचा तो करार आहे. ही दोन्ही नगरे बौडिकाने जाळल्यास तेव्हा एक-दोन वर्षेच लोटली होती. राखेवर गाड्या पुन्हा चालू झाल्या होत्या, आणि भाड्याची घासाघीसही. आणखी एका पाटीवर मोगोन्टियस नावाच्या माणसाचा पत्ता आहे, आणि त्यात लंडनचे नाव. हे नाव आपल्या हाती आलेल्या कोणत्याही लेखात याहून आधी आढळत नाही.

आणि एका पाटीवर आहेत नुसती मुळाक्षरे. ए, बी, सी, डी अशी ओळीने गिरविलेली. ब्रिटनमध्ये शाळा असल्याचा हा कदाचित सर्वांत जुना पुरावा असावा, असा तर्क आहे. कोणी मुलाने ती गिरविली, की कोणा हिशेबनिसाने नव्या टोच्याची धार पाहिली, हे कोण सांगणार? आम्ही मात्र तेथून निघताना तो मुलगाच मनात घेऊन निघालो.

आता मुख्य प्रश्न. १९५४ साली जे साधले नाही ते २०१० नंतर कसे साधले? इंग्रज माणसास इतिहासाचे प्रेम १९५४ सालीही होतेच. रांगाच त्याची साक्ष देतात. दानशूर मालक मिळाला म्हणून, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. फरक पडला तो नियमाने.

१९५४ मध्ये मंदिराभोवतीची बाकीची जमीन यंत्रांनी भराभर उपसली जात होती, तेव्हा गिल्डहॉल संग्रहालयाचे आयव्हर नोएल ह्यूम हे तरुण पुरातत्त्वज्ञ काही स्वयंसेवकांसह यंत्राच्या जबड्यापुढून वस्तू वेचीत होते. त्यांना तेथे उभे राहू देणे ही केवळ मालकाची आणि मुकादमाची मेहेरबानी. काम थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढे वीस वर्षे याच रीतीने शहर बांधले गेले आणि त्याच रीतीने त्याचे पोट रिकामे झाले. १९७३ साली नागरी पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हा कोठे कामास शिस्त आली. १९८९ साली हगिन हिल येथील रोमन स्नानगृह आणि शेक्सपियरच्या काळातील रोझ नाट्यगृह या दोहोंवर बांधकामाचे संकट आले, लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, इंग्लंडच्या सरकारने नियोजनाविषयीची सोळाव्या क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिचे सार असे: जमिनीखाली काय असू शकेल याचा विचार बांधकामाची परवानगी देण्यापूर्वी व्हावयाचा, नंतर नव्हे, आणि बांधकामाने अवशेषांस धोका पोहोचणार असेल तर तपासणीचा, नोंदणीचा व जतनाचा खर्च बांधणाऱ्याने सोसावयाचा. ती मार्गदर्शिका आता नव्या नियमांत विलीन झाली आहे; तत्त्व तेच आहे.

प्रत्यक्षात हे चालते कसे, ते आम्ही एका पुस्तकविक्रेत्याकडे मिळालेल्या पुस्तिकांतून व कन्येच्या शेजाऱ्यांशी बोलून समजावून घेतले. प्रथम जुने नकाशे आणि पूर्वीच्या खोदकामांचे अहवाल तपासतात. मग चाचणीचे चर खणतात. काही लागले तर पायाचे खांब सरकवून अवशेष जागच्या जागी झाकून ठेवता येतील काय, हे पाहतात. ते शक्य नसेल तर रीतसर उत्खनन. आणि जेथे फारसे काही लागण्याचा संभव नाही, परंतु खात्रीही देता येत नाही, तेथे निगराणी. निगराणी म्हणजे खोदयंत्राशेजारी एक पुरातत्त्वज्ञ दिवसभर उभा. यंत्राच्या बकेटला दाते नसतात. सपाट कडेने माती सालीसारखी एकेक थर सोलून निघते. मातीचा रंग बदलला, कोळसा दिसला, विटांची रेघ उमटली की त्या माणसाने हात वर करावयाचा आणि यंत्राने थांबावयाचे. मग थापी, ब्रश, चाळणी, मोजपट्टी. प्रत्येक थरास क्रमांक, प्रत्येक क्रमांकास स्वतंत्र नोंदपत्र, रेखाटन, छायाचित्र. पाऊस असो, थंडी असो. बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही, आणि काही सापडले नाही हेही तो लिहून ठेवतो.

नोंदीवर इतका भर का, याचे उत्तर या विद्येच्या स्वभावातच आहे. थर एकदा उचलला की तो पुन्हा ठेवता येत नाही. तपासता तपासता जाळून टाकावी लागणारी उत्तरपत्रिका समजा. गुण वहीत उतरविले नाहीत तर मुलगा परीक्षेस बसला होता हेही सिद्ध होणार नाही.

या व्यवस्थेस दोष नाहीत असे नव्हे. बांधणाराच पैसे देणार म्हटल्यावर पुरातत्त्वज्ञांच्या संस्थाही निविदा भरू लागल्या, आणि स्वस्तात काम उरकण्याची ओढ तेथेही शिरली. कितीएक अहवाल छापलेच जात नाहीत, कपाटात पडून राहतात, अशी तक्रार तेथील जाणकारच करतात. तथापि २०२५ च्या फेब्रुवारीत जी वार्ता आली तीही याच व्यवस्थेचे फळ होय. ग्रेसचर्च रस्त्यावरील एका जुन्या कार्यालयाच्या जागी उंच इमारत उठावयाची होती. ती पाडण्यापूर्वीच तळघराच्या जमिनीत चाचणीचे खड्डे घेतले, आणि लंडनच्या पहिल्या रोमन सभागृहाच्या भिंती हाती लागल्या. इसवी सन ८० च्या आसपासचे ते बांधकाम. नगराचा कारभार आणि न्यायनिवाडा जेथे चाले ते ठिकाण. बांधणाऱ्यांनी आराखडा बदलला. भिंती लोकांना पाहता येतील अशी सोय नव्या इमारतीत करावयाचे ठरले. येथे रांगा लागल्या नाहीत, मंत्रिमंडळ बसले नाही. खड्डा आधी खणला, एवढेच.

१९५४ च्या त्या रांगाही अगदीच वाया गेल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. मंदिर नव्याने रचताना त्या वेळी तेथे गेलेल्या वृद्धांकडून आठवणी, घरच्या कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती मागविण्यात आल्या. साठ वर्षांपूर्वी वडिलांच्या बोटास धरून गेलेल्या मुलांनी त्या आणून दिल्या.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. ग्राइम्स यांना लंडन म्युझियमचे प्रमुखपद १९४५ साली मिळाले ते मॉर्टिमर व्हीलर यांच्यानंतर. आणि व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये व्हीलर यांच्याच हाताखाली खणण्याचे धडे घेतले होते. त्यांनी आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर उत्खनन केले. त्याच टेकाडातून निघालेली, रोमनांच्या समुद्रदेवाची काशाची सुबक मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. बेळगावकरांस ती पाहावयास एका दिवसाचा प्रवास पुरतो. आमच्या बेळगावालगतच्या वडगाव-माधवपुरातही सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उत्खननात निघालेले आहेत. वडगाव आज शहराचाच भाग आहे.

आपल्याकडे १९५८ चा कायदा आहे. त्याने घोषित स्मारकांचे व त्यांच्या भोवतालच्या जागेचे रक्षण होते. परंतु ज्या जमिनीविषयी कोणी काही घोषित केलेले नाही, तेथे पाया खणताना शेजारी उभा राहणारा माणूस कायद्याने नेमलेला नाही. आणि तो नसला म्हणजे काय होते, हे आम्हांस लंडनला जाऊन शिकावयाचे कारण नव्हते.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही सीमाभागातील एका खेड्याच्या सरकारी शाळेत सहशिक्षक होतो. दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. पाऊस तोंडावर आलेला, कंत्राटदार घाईत. पुरुषभर खोलीवर मोठमोठ्या विटांची एक सरळ भिंत लागली आणि तांबड्या-काळ्या खापरांचा खच. मजुरांनी विटा फोडून भरावात घातल्या. सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत नक्षीचे एक खापर घेऊन आमच्याकडे आला. ते टाकून दे, हात धू आणि वर्गात बस, असे आम्ही त्याला सांगितले. भूमिगत द्रव्याविषयीचा १८७८ चा कायदा आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हता असे म्हणता येईल. परंतु शाळेत इतिहास आम्हीच शिकवीत होतो. त्याच आठवड्यात सातवाहनांचा धडा झाला होता.

लंडनहून परतल्यावर आम्ही त्या गावी गेलो. आता आम्ही तालुक्यातील दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक आहोत. पण जुनी ओळख होती. तो मुलगा आज गवंडीकामाचा मुकादम आहे. त्याने खापर टाकले नव्हते. घरच्या देवळीतून काढून त्याने ते आमच्या हातावर ठेवले.

“गुरुजी, भिंत तिथंच संपली नव्हती की,” तो म्हणाला. “कडुलिंबाच्या झाडाकडं जात होती. तिकडं अजून कुणी खणलं नाही.”

कडुलिंबाजवळच यंदा पाण्याच्या टाकीची जागा आखली आहे. शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत आम्ही पाहुणे म्हणून बसलो आणि सर्व हकिगत सांगितली. एका सभासदाने विचारले, “खात्याची माणसं येऊन काम अडलं तर पोरांना पाणी कोण देणार?” प्रश्न रास्त होता, त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. बऱ्याच चर्चेअंती असे ठरले की टाकीची जागा पंचवीस पावले पश्चिमेस सरकवावी, आणि तेथेही खड्डा यंत्राने नव्हे, कुदळीने, थोडाथोडा खणावा. पुरातत्त्व कार्यालयास नकाशा, खापराचे छायाचित्र आणि भिंतीच्या दिशेची टिपण आम्ही नोंदणीकृत टपालाने पाठविली आहे. उत्तर आलेले नाही. काम दिवाळीनंतर सुरू होईल. मुकादमाने त्या दिवसांत बाहेरचे काम घेतलेले नाही. आम्हीही चार दिवसांची रजा मांडली आहे.